शालेय रग्बी स्पर्धा : संकल्प आणि सिद्धता

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत क्रीडासमितीच्या वतीने केलेले भाषण)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा मागोवा घेत असताना मंडळाने साहित्य, संगीत आणि नाट्य यांच्या जोडीने खेळालाही एक संध्याकाळ दिली, याबद्दल आम्ही क्रीडासमितीच्या वतीने कार्यकारिणीचे मनःपूर्वक आभार मानतो. आजवर आपल्याकडे खेळ म्हटला की गणेशोत्सवातील संगीतखुर्ची आणि लिंबू-चमचा, फार तर वार्षिक सहलीतील क्रिकेट, एवढेच डोळ्यांपुढे येत असे. अशा मंडळाने सुवर्णमहोत्सवी वर्षात दिल्ली आणि परिसरातील शाळांसाठी रग्बीची स्पर्धा भरवावी, हा प्रस्ताव आम्ही मांडला तेव्हा सभासदांनी दोन प्रश्न विचारले. मराठी मंडळाचा आणि रग्बीचा संबंध काय, हा पहिला. आणि मुलांना इजा झाली तर उत्तरदायी कोण, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे द्यावीत आणि स्पर्धा कशी उभी करावी याचा आराखडा आपल्यापुढे ठेवावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम या खेळाच्या कुळाविषयी थोडेसे. १८२३ साली इंग्लंडमधील रग्बी या गावच्या शाळेत विल्यम वेब एलिस नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉल खेळता खेळता चेंडू हातात उचलला आणि तो धावत सुटला, अशी आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा नाही; परंतु हा खेळ शाळेच्या पटांगणात जन्मला, एवढे मात्र खरे. पुढे पन्नास वर्षांच्या आतच तो हिंदुस्थानात पोहोचला. १८७२ सालच्या नाताळात कलकत्त्यास पहिला सामना झाला आणि पुढच्या वर्षी तेथे क्लब स्थापन झाला. तो फार काळ टिकला नाही. क्लब मोडताना शिल्लक पडलेले चांदीचे रुपये वितळवून सभासदांनी एक चषक घडविला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेस अर्पण केला. इंग्लंड आणि स्कॉटलंड हे देश १८७९ पासून ज्या ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात, तो हाच. त्याच्या मुठी नागाच्या आहेत आणि झाकणावर हत्ती आहे. आपल्या रुपयांचा चषक साता समुद्रांपलीकडे गाजत राहिला आणि खेळ मात्र येथे दीर्घकाळ मोजक्या जिमखान्यांच्या आणि पलटणींच्या कुंपणात राहिला, हा इतिहास विचार करण्यासारखा आहे.

ते कुंपण अलीकडे मोडू लागले आहे. भारताचा संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९८ साली खेळला. ओडिशातील आदिवासी मुलांच्या निवासी शाळेतून घडलेली मुले-मुली आज देशाच्या संघातून खेळतात. जून २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिलांनी सिंगापूरला २१–१९ असे नमवून पंधरा खेळाडूंच्या रग्बीतील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला, तेव्हा संघाची कर्णधार होती पुण्याची वाहबिझ भरूचा, आणि अखेरच्या क्षणी निर्णायक गुण मिळविणारी होती ओडिशाची सुमित्रा नायक. पुण्याची एक आणि ओडिशाची एक, अशा दोघींच्या हातांनी लिहिला गेलेला हा विजय आहे. ‘हा खेळ आपला नव्हे’ असे म्हणण्याचा अधिकार त्या दिवशी संपला, असे आम्हांस वाटते.

आता मराठी माणसाच्या संबंधाविषयी. मैदानी खेळांना नियमांच्या चौकटीत बसविणे, हे काम महाराष्ट्रीय संस्थांनी आवडीने केले आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ साली कबड्डीचे नियम प्रसिद्ध केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ परदेशी प्रेक्षकांपुढे सादर केले. याच दिल्लीत १९८२ च्या आशियाई खेळांत कबड्डीचे प्रात्यक्षिक झाले आणि १९९० साली बीजिंगला तिला पदकाचा मान लाभला. गल्लीतला खेळ जगापुढे नेण्याची ही वाट पदाधिकाऱ्यांच्या वह्यांतून, चुन्याच्या रेघांतून आणि शिट्ट्यांतून गेली आहे. रग्बीचा चेंडू परका असेल. पण स्पर्धा उभी करण्याची विद्या परकी नाही.

शिवाय कबड्डी खेळलेल्या मुलाला रग्बीतील अर्धी विद्या अवगत असते. समोरच्याच्या छातीशी वा गळ्याशी न जाता कंबर, मांडी, घोटा यांवर पकड घालावी, हे त्याला शिकवावे लागत नाही. रग्बीत पकडीला ‘टॅकल’ म्हणतात. पण तत्त्व तेच. नवे काय, तर चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. तो नेहमी बाजूला किंवा मागे द्यावा लागतो. स्वतः पुढे धावायचे आणि चेंडू मात्र मागून येणाऱ्या सोबत्याच्या हाती सोपवायचा, हा नियम वरवर विचित्र दिसतो. परंतु एकट्याच्या पराक्रमाला आळा घालून मागच्याची वाट पाहायला लावणारा असा दुसरा खेळ आम्हांस ठाऊक नाही.

पूर्ण रग्बीला एका बाजूस पंधरा खेळाडू लागतात. शाळांना ते झेपणारे नाही. आम्ही सात जणांचा प्रकार निवडला आहे. तो १८८३ साली स्कॉटलंडमधील मेलरोज या लहानशा गावी जन्मला. गावच्या क्लबची तिजोरी रिकामी होती; निधी उभारण्यासाठी सामने भरवावेत, पण पंधरा-पंधरांचे अनेक सामने एका दुपारी होणे शक्य नव्हते. तेव्हा नेड हेग नावाच्या गावातल्या खाटकाने खेळाडू आणि वेळ कमी करण्याची तोड सुचविली. मंडळाची वर्गणी गोळा करीत दारोदार हिंडलेल्या आपल्या खजिनदारांना या गृहस्थाविषयी आपुलकी वाटल्यावाचून राहणार नाही! त्याची ती तोड २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकपर्यंत पोहोचली आणि फिजीसारख्या चिमुकल्या देशाला तिने आयुष्यातले पहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्णाचे, मिळवून दिले. दिल्लीकरांनी हा प्रकार आपल्या शहरात पाहिला आहे. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांत दिल्ली विद्यापीठाच्या मैदानावर न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियावर अंतिम सामन्यात २४–१७ अशी मात केली होती. त्या वर्षी स्पर्धा केवळ पुरुषांची होती. राष्ट्रकुल खेळांत स्त्रियांची रग्बी यायला २०१८ साल उजाडले. आपल्या स्पर्धेत मात्र मुलींचा गट पहिल्या वर्षापासूनच असेल.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. शालेय स्पर्धा कोणासाठी भरवायची? विजेत्यासाठी, असे उत्तर सहज तोंडी येते. आमचे उत्तर वेगळे आहे. ती पहिला सामना हरणाऱ्या संघासाठी भरवायची. हे केवळ भावनेचे बोलणे नाही. त्यामागे साधा हिशेब आहे.

सात जणांच्या सामन्यात सात मिनिटांचा अर्धा डाव, दोन मिनिटांची विश्रांती आणि पुन्हा सात मिनिटे, एवढाच खेळ असतो. मुलांचे आठ संघ घेतले आणि बाद पद्धतीने सामने लावले, तर सात सामन्यांत निकाल लागतो. संयोजकांना हे सोयीचे आहे. परंतु त्यांतील चार संघ पहिल्याच सामन्यानंतर बाहेर पडतात. फरिदाबादहून किंवा गुरुग्रामहून पहाटे अंधारात निघालेली मुले दोन तास बसमध्ये घालवून चौदा मिनिटे खेळणार आणि उरलेला दिवस दुसऱ्यांचा खेळ पाहत बसणार. ज्या शाळेला हा खेळ नवा आहे तीच पहिल्या सामन्यात हरणार, हे उघड आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांनाच सर्वांत कमी खेळायला मिळणार. अशी शाळा पुढच्या वर्षी येत नाही. तिच्या शिक्षकांना मुख्याध्यापकांपुढे सांगण्यासारखे काही उरत नाही.

याउलट आठ संघांचे चार-चारांचे दोन गट पाडावेत आणि गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे. गटातील पहिले दोन संघ मोठ्या चषकाच्या उपांत्य फेरीत जातील. खालचे दोन दुसऱ्या चषकाच्या उपांत्य फेरीत. गटातील बारा सामने, उपांत्य चार आणि अंतिम दोन, असे अठरा सामने होतात. मुलींचे तेवढेच संघ धरले तर छत्तीस. अदलाबदलीसकट एका सामन्याला बावीस मिनिटे धरली आणि दोन मैदाने घेतली, तर शनिवारी सोळा सामने तीन तासांत आणि रविवारी वीस सामने पावणेचार तासांत उरकतात. सकाळी सातला आरंभ केला तर दोन्ही दिवशी अकराच्या आत मैदान मोकळे होते. सर्वांत दुर्बल संघही चार सामने खेळतो आणि त्याचा शेवटचा सामना कदाचित त्याच्याच तोडीच्या संघाशी होतो. तो जिंकून घरी जाण्याची शक्यता असते. मुलाला खेळाकडे परत आणणारी गोष्ट बहुतेक वेळा हीच असते.

सात जणांच्या स्पर्धांत गुण देण्याची एक रीत रूढ आहे, ती आम्हांस फार आवडली. विजयाला तीन गुण, बरोबरीला दोन आणि पराभवाला एक. शून्य कोणाला? जो मैदानात उतरलाच नाही त्याला. हरलेल्याच्या नावापुढे एक आकडा मांडणारी ही रीत आपण जशीच्या तशी स्वीकारावी, असा आमचा आग्रह आहे.

आता दुसऱ्या, अधिक गंभीर प्रश्नाकडे येतो. हा खेळ अंगावर येणारा आहे. खरचटणे, मुरगळणे हे होणारच. क्वचित हाडही मोडेल. त्यावर उपचार असतात. आम्हांस खरी चिंता आहे ती डोक्याच्या माराची. जानेवारी २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधील एका शालेय सामन्यात चौदा वर्षांच्या एका मुलाच्या डोक्याला मार बसला. मैदानावर त्याच्याकडे लक्ष दिले गेले आणि तो पुन्हा खेळू लागला. सामना संपता संपता तो कोसळला आणि दोन दिवसांनी मरण पावला. पहिल्या आघातातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा आघात झाला, असा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला. त्याच्या आईवडिलांनी दुःख गिळून या विषयावर जागृतीचे काम आरंभिले. आज जगभर शालेय रग्बीत जो दंडक सांगितला जातो, त्याच्या पाठीशी अशा घरांचे अश्रू आहेत. दंडक साधा आहे : डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला, तरी खेळाडू मैदानाबाहेर; आणि त्या दिवशी तो परत आत येणार नाही. मूल ‘मी बरा आहे’ म्हणाले तरी नाही, शिक्षकांनी गळ घातली तरी नाही, अंतिम सामना असला तरी नाही.

हा निर्णय प्रशिक्षकावर सोपवू नये. जिंकण्यात ज्याचे मन गुंतले आहे त्याला तटस्थ राहणे अवघड जाते. आपल्या मंडळात डॉक्टर सभासद आहेत. त्यांतील दोघांनी दोन मैदानांशी उभे राहावे आणि त्यांचा शब्द पंचालाही बांधील असावा. रुग्णवाहिका मैदानाच्या फाटकाशी, चालकासह, पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत उभी राहील. ती येण्यास उशीर झाला तर सामनेही उशिरा सुरू होतील. घरी जाताना अशा मुलाच्या पालकांच्या हाती मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेला कागद द्यावा : रात्री कशावर लक्ष ठेवायचे, उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी दिसली तर विलंब न लावता रुग्णालयात न्यायचे, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत खेळू द्यायचे नाही.

प्रतिबंधाचे उपाय त्याहूनही महत्त्वाचे. बारा वर्षांखालील मुलांना पकड नाहीच. त्यांच्या कमरेला दोन फिती लावायच्या; फीत ओढली की पकड झाली, असा हा खेळ आहे. त्यांची एक खेळीमेळीची फेरी, गुणांविना, रविवारी ठेवता येईल. चौदा वर्षांखालील गटात पकड कमरेखालीच, आणि खांद्यावर गेलेला हात म्हणजे तत्काळ बाहेर. स्क्रम, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तिघा-तिघांनी वाकून खांद्याला खांदा भिडवून केलेली जुळणी, राहील. परंतु तीत रेटारेटी असणार नाही. दंतरक्षक प्रत्येकाला बंधनकारक. पायांत खिळ्यांचे जोडे नकोत. सर्वांनी साधे कापडी जोडे घालावेत. एका संघाच्या पायांत महागडे खिळे आणि दुसऱ्याचे पाय अनवाणी, असा सामना धोक्याचाही आणि अन्यायाचाही.

वयाची तपासणी हा नाजूक विषय आहे. १९६० पासून दिल्लीला माहेर मानणाऱ्या सुब्रतो चषकाच्या शालेय फुटबॉल स्पर्धेपासून तालुक्याच्या खो-खोपर्यंत, शालेय खेळांना वयचोरीची कीड सर्वत्र जाणवते. इतर खेळांत तिने निकाल बिघडतो. रग्बीत तिने बरगडी मोडते. न्यूझीलंडमध्ये काही ठिकाणी मुलांचे गट वयाबरोबर वजनावरूनही पाडतात. आपणही जन्मदाखल्याच्या जोडीला आदल्या आठवड्यात मुलांचे वजन करावे आणि अवाढव्य तफावत असेल तेथे संबंधित शिक्षकांशी बोलून मार्ग काढावा. त्याखेरीज, स्पर्धेआधी किमान सहा आठवडे पडण्याचा आणि पकडण्याचा सराव ज्या संघाने केला नसेल, त्याला पकडीच्या गटात प्रवेश देऊ नये. त्याने त्या वर्षी फितीचा खेळ खेळावा. प्रवेश नाकारणे कटू वाटेल. परंतु निमंत्रण देणाऱ्यावर पाहुण्याच्या सुखरूप परतीची जबाबदारी असते.

स्पर्धा केव्हा घ्यावी, हा दिल्लीत सर्वांत अवघड प्रश्न. मे-जूनमध्ये ऊन, जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस आणि चिखल. दिवाळीच्या सुमारास हवा बिघडते, ती जानेवारीअखेरपर्यंत धड नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर-डिसेंबरातील शालेय क्रीडास्पर्धा सुरक्षित महिन्यांत नेण्याचा विचार करण्यास हवा-गुणवत्ता आयोगाला सांगितले. पूर्वी ज्या थंडीला आपण खेळाचा हंगाम म्हणत असू, ती आता मुलांच्या फुप्फुसांची वैरीण झाली आहे. फेब्रुवारीत हवा सुधारू लागते, तोच परीक्षा दाराशी येतात. उरतात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध, एवढेच दोन-तीन आठवडे. त्यांतही सहामाही परीक्षा आणि नवरात्र टाळायचे. म्हणून तारीख आधी ठरवून निमंत्रणे एप्रिलमध्येच, शाळा उघडताच, गेली पाहिजेत. शिवाय राखीव तारीख हवी. आदल्या संध्याकाळी हवेचा निर्देशांक २०० च्या वर गेला, म्हणजे सरकारी वर्गवारीनुसार हवा ‘खराब’ ठरली, की स्पर्धा पुढे ढकलायची. त्यावर सभा भरवून खल करावयाचा नाही.

मैदानासाठी फुटबॉलचे पटांगण चालते. लांबी शंभर मीटर, रुंदी सत्तर मीटर हे पुरे माप. लहानांसाठी ते आखूड करावे. दिल्लीची जमीन पाऊस सरला की आठवड्याभरात विटेसारखी कडक होते. म्हणून आधीचे तीन दिवस संध्याकाळी पाणी मारणे, खडे वेचणे आणि गोलखांबांना जाड गादी गुंडाळणे ही कामे पोरसवदा उत्साहावर सोडू नयेत. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली नसेल, तर ते मैदान कितीही हिरवे असले तरी घेऊ नये.

आणि आता जे काम आपल्या मंडळाइतके कोणालाच जमणार नाही, ते. रग्बीची एक सुंदर परंपरा आहे : सामना संपला की जिंकलेल्या आणि हरलेल्या संघांनी दोन रांगा करून एकमेकांना टाळ्यांनी निरोप द्यायचा आणि यजमानांनी पाहुण्यांना जेवू घालायचे. ज्यांनी कोजागिरीला शेकडो पेले दूध आटवले आहे, गणपतीत पंगती उठवल्या आहेत, त्या आपल्या भगिनींना आणि बंधूंना हे सांगायला नको. खेळापूर्वी केळी आणि चिक्की, खेळानंतर गरम खिचडी-कढी. आणि दोन विरोधी संघांनी एकाच पंगतीत, आड-एक बसून जेवायचे, एवढीच अट. पहाडगंजच्या शाळेतला मुलगा आणि नोएडाच्या शाळेतला मुलगा एरवी एकमेकांना भेटण्याचा प्रसंग कोठे येतो? महापालिकेच्या आणि छोट्या शाळांकडून प्रवेशशुल्क घेऊ नये. त्यांच्या बसचा खर्चही मंडळाने सोसावा. चषक लहान घेतला तरी चालेल, बस मोठी हवी.

पंच हे प्रशिक्षित आणि बाहेरचेच हवेत. परंतु वेळ नोंदणे, गुणफलक, पाणी, नोंदवही, हरवलेली पिशवी आणि रडवेले मूल, या साऱ्यांसाठी माणसे आपलीच लागतील. प्रत्येक संघासोबत एक सभासद ‘पालक’ म्हणून दोन्ही दिवस राहावा, असे आम्ही सुचवितो. निवृत्त सभासदांनी या कामासाठी पुढे यावे. नातवंडे सांभाळण्याचा अनुभव येथे वाया जाणार नाही. पंचाशी फक्त कर्णधाराने आणि तेही आदराने बोलायचे, हा रग्बीचा नियम आहे. तो रेषेबाहेर उभ्या असलेल्या पालकांनाही लागू राहील, हे आताच सांगून ठेवतो.

बंधुभगिनींनो, पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापिले ते या शहरात नवखे होते. परक्या गावात आपल्याला कोणीतरी आत बोलवावे, दोन घास द्यावेत आणि पुन्हा या म्हणावे, याची किंमत त्यांना ठाऊक होती. मंडळ जन्मले ते त्यातूनच. आपला सुवर्णमहोत्सव साजरा करताना तेच निमंत्रण आता आपण या नगरीतील मुलांना द्यावे, मग त्यांची भाषा कोणतीही असो. स्पर्धेच्या यशाचे मोजमाप आम्ही एकाच गोष्टीने करू : पहिल्या वर्षी सर्वांत शेवटी राहिलेला संघ दुसऱ्या वर्षी आला की नाही. तो आला, तर आपली स्पर्धा रुजली असे समजावे.

आराखडा आपल्यापुढे ठेवला आहे. त्यावर टीका करावी, भर घालावी आणि त्यानंतर हात लावावा, ही नम्र विनंती.